थोडक्या पाण्याच्या मुलखात

मिरज सोडली की कृष्णाकाठचा ऊस मागं पडतो. आरग, बेळंकी, सलगरे अशी स्टेशनं येत जातात आणि जमिनीचा काळा रंग उतरू लागतो. माती आधी तांबूस होते, मग करडी, मग मुरमाड. बांधावरची झाडं बुटकी होतात, बाभळी वाढतात, आणि मध्येच द्राक्षबागेचा एक हिरवा चौकोन येतो. तो इतका रेखीव असतो की कुणीतरी पट्टी लावून आखला असावा असं वाटतं. फाल्गुन संपत आला होता. खिडकीतून येणारा वारा सकाळी नऊलाच गरम लागत होता.

मी रत्नागिरीची. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, कवठेमहांकाळला साधारण पाचशे. आमच्याकडच्या माणसाला हिरवं दिसतच नाही, कारण दुसरं काही नसतंच. जांभ्याच्या गडग्यावर शेवाळ, कौलावर शेवाळ, विहिरीच्या काठावर शेवाळ. तिथं मी वर्षानुवर्षं फोटो काढले, आणि दर वेळी चौकटीत काय ठेवू यापेक्षा काय काढून टाकू हाच प्रश्न पडला. तीन ओळींची कविता लिहायला लागले तेव्हाही तेच झालं. एकेका ओळीत पाऊस, समुद्र, माड, आठवण सगळं घुसू पाहायचं. म्हणून मुद्दाम या बाजूला आले. जिथं मुळात गोष्टी थोड्या आहेत तिथं डोळा कसा वागतो हे मला बघायचं होतं. ओळखीच्यांनी विचारलं, कवठेमहांकाळला बघण्यासारखं काय आहे? धबधबा नाही, किल्ला नाही, समुद्र तर नाहीच. मला नेमकं तेच हवं होतं.

हा लोहमार्ग पूर्वी अडीच फुटी होता. बार्शी लाइट रेल्वेची ती छोटी गाडी 1927 पासून मिरजेपर्यंत यायची. पंढरीच्या वारकऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या तिनं वाहिल्या. आता रूळ रुंद झालेत. कवठेमहांकाळचं स्टेशन तसं साधंच. फलाटावर कडुनिंब, त्याखाली एक आजोबा पटक्याचा पदर तोंडावर घेऊन बसलेले. मी कॅमेरा काढला तसे ते सावरून बसले आणि म्हणाले, "कुठनं आलायसा?" रत्नागिरी म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. "म्हंजे पाण्याकडनं."

मग ते आपणहून पाण्याच्या गाडीबद्दल बोलले. एप्रिल 2016 मध्ये लातूर तहानलेलं होतं, तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी गेलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी. मिरज ते लातूर 342 किलोमीटरची वाट, ती याच रुळांवरून, याच फलाटासमोरून. देशभर त्या गाडीचे फोटो छापून आले, मीही तेव्हा वर्तमानपत्रात पाहिले होते. पण ती गाडी वाटेत कुठल्या गावांसमोरून गेली हा विचार तेव्हा मनात आला नव्हता. त्या उन्हाळ्यात या गावांनाही टँकरची वाट बघावी लागत होती. आजोबा म्हणाले, "आमी हितं हुबं राहून बगिटली. लातूरकरांची तान आमच्यापरीस मोठी हुती, जाऊ द्या म्हनलं." त्यात तक्रार नव्हती. स्वतःच्या घशाला कोरड असताना दुसऱ्याची तहान मोठी म्हणणं किती अवघड असतं, ते पाण्याकडच्या माणसाला सहज कळायचं नाही. स्टेशनाबाहेरच्या पायरीवर बसून वहीत लिहिलं:

रिकामा हौद —
रुळांवरून गेली
पाण्याची गाडी

फोटो मी काढला तो आजोबांचा, कडुनिंबाच्या सावलीतला. गाडीचा फोटो काढणं शक्यच नव्हतं, ती जाऊन कित्येक वर्षं झाली होती. तिथंच मला कॅमेऱ्याची आणि वहीची कामं वेगवेगळी दिसू लागली.

जपानी कवी बाशो 1689 मध्ये उत्तरेच्या मोठ्या पायी प्रवासाला निघाला तेव्हा सोरा नावाचा शिष्य त्याच्यासोबत होता. बाशोनं त्या वाटेवर गद्य आणि हायकू एकत्र गुंफून जे लिहिलं त्यावर तो पुढं कितीतरी काळ हात फिरवत राहिला. तो 1694 मध्ये गेला, पुस्तक छापलं गेलं 1702 मध्ये. सोरानं मात्र साधी रोजनिशी ठेवली होती: आज हवा कशी, किती चाललो, कुठं उतरलो. ती 1943 मध्ये प्रसिद्ध झाली आणि वाचकांना कळलं की गुरूनं काही प्रसंग मागंपुढं केले होते, काही बदलले होते. मला यात फसवणूक दिसत नाही. दोघांचंही खरं होतं. सोरानं वाट लिहिली, बाशोनं त्या वाटेनं मनात काय केलं ते लिहिलं. माझा कॅमेरा सोरा आहे. समोर जे नाही ते त्याला टिपता येत नाही, आणि समोर जे आहे त्यातलं काही तो सोडतही नाही. तीन ओळींना मात्र गेलेली गाडीसुद्धा चालते.

गाव महांकालीच्या नावाचं. देवीचं दर्शन घेऊन पेठेतून चालले. आमच्याकडच्या बाजारपेठेत मासळी आणि ओल्या गोणपाटाचा वास असतो. इथं कोरड्या मिरचीचा, शेंगदाण्याचा, चामड्याचा आणि द्राक्षाच्या औषधांचा. शेतीच्या औषधांची दुकानं इतकी की एखाद्या नवख्याला हे दवाखान्यांचं गाव वाटावं. दुकानापुढं पांढऱ्या टोपीतली माणसं बसलेली, बोलणं एकाच विषयाचं: माल किती उतरला, साखर किती भरली, आभाळ येणार का. आभाळाची अशी धास्ती मी कधी पाहिली नव्हती. आमच्याकडे मृगाच्या आभाळाकडे पोरं नाचत बघतात. इथं मार्चमध्ये ढगाचा पुंजका दिसला की सगळ्यांच्या कपाळाला आठी. पाऊस हवा म्हणून आयुष्य काढणाऱ्या या माणसांना वर्षातले दोन महिने तो अजिबात नको असतो.

जपानी हायकूत ऋतूची खूण असावी लागते आणि तिथं अशा ऋतुखुणांचे कोशच आहेत. चेरीचा बहर, बेडूक, पहिला बर्फ. आपल्याकडे लिहिताना बरेच जण त्याच खुणा उसन्या घेतात. पण इथल्या शेतकऱ्याच्या बोलण्यात ऋतूंचा अख्खा कोश आहे. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळ छाटणी, शाळूचा हुरडा, हस्ताचा पाऊस, बेदाण्याची धुरी. शिरीष पै यांनी 1970 नंतरच्या दशकात हायकू मराठीत आणला आणि रुजवला, तो मुंबईतल्या घराच्या आसपासचं जग घेऊन. आचार्य अत्र्यांची ही मुलगी, वक्तृत्वाच्या आणि अग्रलेखांच्या घरात वाढलेली, तीन ओळींत थांबायला शिकली याचं मला फार अप्रूप वाटतं. अक्षरं मोजण्याचा आग्रह न धरता त्यांनी मराठी कानाला रुचेल असा हायकू घडवला. मी मात्र पाच-सात-पाच मोजते. मोजलं की एखादा आगंतुक शब्द आपसूक बाहेर जातो.

दुपारी एका खानावळीत जेवले. शाळूची भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याचं कूट घातलेली वांगी, हिरव्या मिरचीचा खरडा, दही, आणि हाताच्या बुक्कीनं फोडलेला कांदा. नारळ कुठंच नाही. आमच्याकडे प्रत्येक कालवणाला ओला नारळ लागतो, इथं शेंगदाणा ते काम करतो, पण त्याची चव ठाम, पोटाला धरून राहणारी. वाढणाऱ्या बाईंनी तिसरी भाकरी न विचारता टाकली. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "ऊन लई हाय. खाऊन घ्या, मग हिंडा." कोकणात आग्रह करतात तो शब्दांनी, चार वेळा विचारून. इथं विचारतच नाहीत, वाढून मोकळे होतात. मला हा आग्रह जास्त आवडला.

तालुक्यातल्या एका गावाला जाणाऱ्या एसटीत बसले. वाटेत अग्रणी नदी लागली. खानापूर तालुक्यातून निघते, तासगाव, कवठेमहांकाळ करत पुढं कर्नाटकात अथणी तालुक्यात कृष्णेला मिळते. वर्षातला मोठा काळ ती कोरडी असायची. 2010 नंतरच्या दशकात गावं आणि सरकारी यंत्रणा यांनी मिळून तिच्यातला गाळ काढला, पात्र मोकळं केलं, बंधारे घातले, म्हणून आता जागोजाग पाणी थांबतं. म्हैसाळ योजनेचं कृष्णेचं पाणीही उपसून इकडच्या कालव्यांत येतं. आम्ही पूल ओलांडला तिथं मात्र वाळू होती, वाळूत टायरचे माग, आणि एका खड्ड्यापाशी बसलेले बगळे. माझ्या पुढच्या बाकावरच्या आजींनी पिशवीतून नाणं काढलं, कपाळाला लावलं, खिडकीतून नदीत टाकलं आणि हात जोडले.

कॅमेरा मांडीवर होता. तो मी उचलला नाही. त्या क्षणी उचलला असता तर आजी माझ्याकडे वळल्या असत्या, आणि नदीकडे बघणारं त्यांचं तोंड हरवलं असतं. काही दृश्यं अशी असतात की त्यांच्याकडे बघणारा दुसरा कुणी असला की ती बदलतात. वही मात्र नंतर उघडता येते, थांब्यावर उतरून, रसवंतीच्या बाकड्यावर.

कोरडी नदी —
तरी पुलावरून
नाणं टाकलं

ते "तरी" ठेवावं की काढावं यावर मी बराच वेळ घालवला. "तरी" म्हटलं की मी मध्ये येते, माझं आश्चर्य येतं. आजींना आश्चर्य नव्हतंच, त्यांच्या लेखी नदी पाण्यानं नदी होत नाही. पण मी पाण्याकडची, माझ्या डोळ्याला ती वाळूच दिसली. म्हणून तो शब्द ठेवला. त्याला तिथं राहायचा हक्क आहे.

दुसऱ्या दिवशी आरेवाडीला निघाले. बिरोबाचं बन तिथं आहे. धनगर समाजाचं हे मोठं श्रद्धास्थान. चैत्रात यात्रा भरते तेव्हा ढोलांनी आणि भंडाऱ्यानं माळ भरून जातो असं सगळ्यांनी सांगितलं. मी गेले तेव्हा यात्रेला अवकाश होता आणि बनात सावली, पाखरं आणि थोडीफार माणसं. वाटेवर एका उघड्या माळावर मेंढरं उभी होती. ऐन बाराची वेळ. छायाचित्रणाची पुस्तकं बाराच्या उन्हात फोटो काढू नका म्हणतात, कारण उजेड वरून सरळ पडतो, सावल्या आखूड आणि काळ्या होतात, चेहऱ्यांवर खड्डे दिसतात. पण या माळाचं खरं रूप बाराचंच आहे. इथं सोनेरी संध्याकाळ टिपून मी कुणाला काय सांगणार होते? मेंढरं गोल करून, माना खाली घालून उभी होती, आणि प्रत्येकीनं आपलं डोकं शेजारणीच्या पोटाखाली घेतलं होतं. माळावर झाड नव्हतं. त्यांची सावली त्याच होत्या.

भर दुपार —
मेंढीच्या सावलीत
दुसरी मेंढी

इथं फोटो आणि ओळी दोन्ही मिळाले आणि दोघांचं भांडण झालं नाही. फोटोत मेंढरांच्या पाठींचा एक लोकरीचा डोंगर आहे आणि खाली पायांचं जंगल, डोकं एकाही मेंढीला नाही. ओळींत दोनच मेंढ्या उरल्या. मेंढके मामा काठीवर हनुवटी टेकून माझं बघत होते. "पैसं मिळत्यात का ह्येचं?" त्यांनी विचारलं. थोडे मिळतात कधीकधी, म्हटलं. "मग ऊन खाऊन कशापायी?" मी त्यांना कॅमेऱ्याचा पडदा दाखवला. त्यांनी हाताचा आडोसा करून निरखून पाहिलं आणि बोट ठेवलं ते नेमकं चौकटीच्या एका कोपऱ्यावर. "ही लंगडी हाय. पाय उचलून उभी हाय बगा." मला ते दिसलंच नव्हतं. मी आकार पाहिला होता, त्यांनी मेंढी पाहिली होती. तेव्हापासून फोटो काढून झाल्यावर तो त्याच जागच्या माणसाला दाखवायचा असं ठरवून टाकलं. त्याच्याइतकं तपासून बघणारा दुसरा प्रेक्षक मिळणार नाही.

इथून उत्तरेला आटपाडी तालुका, माणदेश. व्यंकटेश माडगूळकर त्याच मातीतले, माडगुळ्याचे, आणि ते चित्रंही काढायचे. त्यांच्या गद्यात विशेषणं कमी का, याचं उत्तर मला या माळावर उभं राहून थोडंफार मिळालं. जिथं एक झाड मैलावरून दिसतं तिथं त्याला डेरेदार, हिरवंगार म्हणायची गरज पडत नाही. झाड म्हटलं की पुरतं.

बिरोबाच्या देवळात पुजाऱ्यांनी कपाळाला भंडारा लावला, मूठभर हातावर दिला. ओट्यावर सांडलेला भंडारा वाऱ्यानं पातळ पसरला होता. त्यातून मुंग्यांची एक ओळ चालली होती.

भंडारा सांडे —
मुंगीची पाठसुद्धा
पिवळी झाली

मुंगीचा फोटो जवळून काढायला वेगळं भिंग लागतं, ते माझ्याकडे नव्हतं. पण ओळींत मुंगीला हवी तेवढी जवळ आणता येते. इराणचे चित्रपट-दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामी (1940–2016) छायाचित्रंही काढायचे आणि अगदी लहान कविताही लिहायचे. त्यांनी मोटारीच्या काचेतून, काचेवर पावसाचे थेंब असताना काढलेली रस्त्यांची मालिका प्रसिद्ध आहे. जाता जाता, वाटेतच, खास कुठं न पोचता. मला ते फार धीराचं वाटतं. हिमालयात गेल्याशिवाय फोटो मिळत नाहीत हा समज मनात घर करून बसलेला असतो. तो घालवायला तेहरानच्या एखाद्या काचेवरचा थेंब किंवा आरेवाडीची मुंगी पुरते.

शेवटचा टप्पा नागजचा. आमच्या रत्नागिरीहून निघालेला नागपूरचा महामार्ग इथून जातो, म्हणजे घराचा रस्ता पायाखाली होता, फक्त मुलूख वेगळा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना माळावर बेदाण्याची शेड. लोखंडी खांबांवर जाळीचे थर एकावर एक, वर छत, बाजूंना हिरवं शेडनेट. बागेतून द्राक्षं येतात, क्रेटसकट पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, त्यानं मण्याच्या सालीवरचा मेणासारखा थर सैल होतो आणि आतलं पाणी लवकर सुटतं. मग रॅकवर पसरतात. उन्हात नव्हे, सावलीत, कारण थेट ऊन लागलं तर बेदाणा काळपटतो. बाकीचं काम वारा करतो. साधारण बारा ते पंधरा दिवस. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. ज्या कोरड्या हवेनं इथल्या पिढ्यांना गाव सोडून जायला लावलं तीच हवा आता लोकांना भाकरी देते. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात या वाऱ्याचा वाटा मोठा आहे. ओल्या हवेच्या आमच्या रत्नागिरीत हे द्राक्ष तिसऱ्या दिवशी बुरशीनं गेलं असतं.

शेडमध्ये बायका माल निवडत बसल्या होत्या. देठ काढायचे, काळा वेगळा, पिवळा वेगळा, हिरवा वेगळा. हात चालू, बोलणं चालू. जाळीतून येणाऱ्या उजेडानं सगळ्यांचे चेहरे हिरवे झाले होते. कॅमेऱ्यात हा रंग दुरुस्त करता येतो, मी केला नाही. त्या दिवसभर त्याच उजेडात बसतात, तर फोटोत त्यांना दुसऱ्या उजेडात का बसवायचं? कॅमेरा दिसल्यावर आमच्याकडच्या बायका आधी विचारतील, कोणाकडे आलात, कोणाच्या तुम्ही. इथं कुणी नातं विचारलं नाही. एकीनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "काढा की. पर हात चालूच ऱ्हानार, थांबाया येत न्हाई." त्यामुळे सगळ्या फोटोंत हात पुसट आले आहेत, तोंडं स्पष्ट. मला ते फोटो या प्रवासातले सर्वांत जास्त आवडतात. बॉक्समधून मूठभर बेदाणा माझ्या ओंजळीत आला. कोमट होता, उन्हानं नव्हे, हवेनं.

हिरवी जाळी —
वारा घेऊन जातो
द्राक्षाचं पाणी

वहीत काय लिहिलं हे त्यांना ऐकायचं होतं. मी वाचून दाखवलं. क्षणभर सगळ्यांनी विचार केला, मग त्यांच्यातल्या थोरल्या आक्का म्हणाल्या, "बरोबर हाय. पर धुरी ऱ्हायली की." गंधकाची धुरी देतात तेव्हा बेदाण्याचा रंग उजळतो आणि डोळे चुरचुरतात. धुरीशिवाय बेदाणा कसला? मी म्हटलं, तीन ओळींत सगळं मावत नाही, आक्का. "मग दुसरी करा," त्या म्हणाल्या, आणि शेजारची मुलगी, कॉलेजात जाणारी, सुट्टीत आईबरोबर कामाला आलेली, बोटांवर अक्षरं मोजायला लागली. पहिली ओळ तिनंच धरली: "डोळ्यांत धुरी." पाच भरली. दुसरीवर सगळ्याजणी अडल्या. कुणी म्हणे पदर घाला, कुणी म्हणे रंग घाला, एक म्हणाली मालकाला घाला आणि खसखस पिकली. टेम्पो लागला, बॉक्स चढवायला माणसं आली. मुलीनं माझा नंबर मोबाईलमध्ये घेतला आणि फोटो पाठवायला बजावलं, सगळ्यांचे, एकही न गाळता. दुसरी ओळ ती पाठवणार होती.